वॉरंटी कंपनीची, पण पैसे घेतले कोणी?

एप्रिल-मे महिन्यात हिंजवडी, माण, मारुंजी, वाकड या भागातल्या कोणत्याही विद्युत उपकरणांच्या दुकानात तासभर उभे राहिले, तर एक संभाषण हमखास कानावर पडते. ग्राहक म्हणतो, "भाऊ, चार महिन्यांपूर्वीच फ्रिज नेला तुमच्याकडून. थंडच होत नाही." दुकानदार म्हणतो, "कार्डवर नंबर आहे ना, कंपनीला फोन करा. आम्ही फक्त विकतो." ग्राहक घरी जाऊन फोन करतो. तिकडून सांगितले जाते की माणूस येईल. माणूस येतो, उघडझाप करतो, "पार्ट मागवावा लागेल" म्हणून निघून जातो. आठवडा जातो, पंधरवडा जातो. फ्रिजचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला बँकेतून कापला जातो.

आयटी पार्कमध्ये नोकरीला आलेली नवी जोडपी असोत, चाकण-तळेगावच्या कारखान्यांत पाळीत काम करणारे कामगार असोत की सोसायट्यांमध्ये घरकाम करणाऱ्या भगिनी असोत, नवा संसार मांडताना सगळ्यांचीच खरेदी साधारण सारखी असते. फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याचा फिल्टर, गीझर, इन्व्हर्टर, मोबाइल. बहुतेक वस्तू हप्त्यांवर. पगारातून महिन्याला दोन-तीन हजार रुपये कापले जाणाऱ्या घरात बंद पडलेली वस्तू म्हणजे दुहेरी मार असतो. वस्तू नाही आणि पैसेही चालूच.

मी शिक्षक आहे. शाळेत पालक भेटायला येतात तेव्हा मुलाच्या अभ्यासाचे बोलून झाले की काही जण पिशवीतून एखादा कागद काढतात. "सर, हे जरा वाचून सांगा." बऱ्याचदा तो कागद वॉरंटीचा असतो. बारीक अक्षरातला, इंग्रजीतला. वाचून दाखवल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग आता पकडायचे कोणाला? दुकानदाराला की कंपनीला?" या लेखात याच प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाच्या कायद्याच्या आधारे समजून घेऊ.

व्यवहार कोणाशी झाला?

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करू. तुम्ही पैसे कोणाच्या हातात दिले? दुकानदाराच्या. बिल कोणी दिले? दुकानदाराने. म्हणजे खरेदी-विक्रीचा करार तुमचा आणि दुकानदाराचा झाला. कंपनी या करारात समोर नव्हती. तिने वेगळे वचन दिले, ते वॉरंटीच्या कार्डावर छापलेले आहे. म्हणजे तुमच्याकडे दोन धागे आहेत. दुकानदाराशी विक्रीचा करार हा एक धागा, कंपनीचे वॉरंटीचे वचन हा दुसरा. दुसरा धागा आहे म्हणून पहिला तुटत नाही. "आम्ही फक्त विकतो" हे वाक्य ऐकताना हे लक्षात ठेवावे. विकणे हीच तर जबाबदारीची सुरुवात आहे.

आपल्याकडे १९३० सालापासून मालविक्रीचा कायदा आहे. त्याच्या सोळाव्या कलमात म्हटले आहे की एखाद्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याकडून त्या वर्णनाचा माल घेतला, तर तो बाजारात चालण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे, ही अट करारात धरलेलीच असते. ती कागदावर लिहावी लागत नाही. तुम्ही दुकानदाराला गरज सांगितली आणि त्याच्या माहितीवर विसंबून वस्तू घेतली, तर ती त्या गरजेला योग्य असली पाहिजे, अशीही अट धरली जाते. उदाहरणार्थ, "आमच्याकडे टँकरचे पाणी येते, फार जड असते, त्याला चालेल असा फिल्टर द्या," असे सांगून तुम्ही फिल्टर घेतला आणि तो त्या पाण्याला मुळातच योग्य नव्हता, तर दुकानदाराला हात झटकता येत नाहीत. मात्र वस्तू तुम्ही स्वतः तपासून घेतली असेल आणि तपासताना सहज दिसला असता असा दोष नंतर दाखवला, तर ही अट मदतीला येत नाही. म्हणून दरवाजावरचा पोचा, काचेचा तडा दुकानातच पाहून घ्यावा.

२०१९ च्या कायद्याने काय दिले?

ग्राहकांसाठी वेगळा कायदा १९८६ साली आला. त्या वर्षी २४ डिसेंबरला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्याआधीच आपल्या महाराष्ट्रात या चळवळीची मुळे रुजली होती. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी एकत्र येऊन ग्राहकांसाठी संस्था उभारली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. बाजारात फसल्यावर "नशीब" म्हणून गप्प बसायचे नाही, हा धडा आपल्याच भागात गिरवला गेला आहे.

जुन्या कायद्याच्या जागी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आला आणि जुलै २०२० पासून तो लागू झाला. वॉरंटीच्या दृष्टीने त्यातल्या तीन-चार गोष्टी प्रत्येक घरात माहीत असायला हव्यात.

पहिली गोष्ट बिलाची. विक्री करून बिल किंवा पावती न देणे ही या कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' ठरवली आहे. "बिल घेतले तर जीएसटी लागेल, तसे घेतले तर हजार रुपये कमी," हा मोह फार महागात पडतो. बिल नाही म्हणजे तारीख नाही, आणि तारीख नाही म्हणजे वॉरंटी कधी सुरू झाली याचा पुरावा नाही.

दुसरी गोष्ट परत घेण्याची. अनेक बिलांवर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे छापलेले असते. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणे, हीसुद्धा कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, दिली नसेल तर तीस दिवसांत. छापलेल्या एका ओळीने कायदा रद्द होत नाही. येथे शब्द 'सदोष' असा आहे, हे मात्र विसरू नये. घरी नेल्यावर रंग आवडला नाही किंवा शेजारच्या दुकानात स्वस्त मिळाले, या कारणासाठी हे कलम नाही. तिथे दुकानदाराची मर्जी.

तिसरी गोष्ट खोट्या हमीची. पुरेशी चाचणी न करताच वस्तू इतकी वर्षे टिकेल असे लोकांना सांगणे किंवा पाळण्याची शक्यताच नाही अशी हमी देणे, हेही त्याच यादीत येते.

चौथी गोष्ट या कायद्याने नव्याने आणली. सदोष वस्तूमुळे माणसाला इजा झाली, मृत्यू झाला किंवा इतर मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई. कुकर फुटला, मोबाइलची बॅटरी पेटली, गीझरचा शॉक बसला, अशा घटना यात येतात. मुख्य जबाबदारी वस्तू बनवणाऱ्याची. पण कलम ८६ मध्ये विक्रेताही कधी जबाबदार ठरतो हे स्पष्ट लिहिले आहे. वस्तूच्या रचनेवर, चाचणीवर किंवा वेष्टनावर त्याचे मोठे नियंत्रण असेल. त्याने वस्तूत बदल केला असेल आणि त्यातून अपघात झाला असेल. कंपनीच्या वॉरंटीखेरीज त्याने स्वतःची वेगळी हमी दिली असेल आणि वस्तू त्या हमीला उतरली नसेल. वस्तू कोणी बनवली हेच कळत नसेल किंवा त्या निर्मात्यावर आपल्या देशात कारवाई करता येत नसेल. किंवा जोडणी, तपासणी यांत त्याने काळजी घेतली नसेल, धोक्याच्या सूचना ग्राहकापर्यंत पोहोचवल्या नसतील. अशा वेळी विक्रेत्याला भरपाई द्यावी लागते.

एक फरक येथे समजून घ्यावा. या चौथ्या प्रकारात फक्त ती वस्तूच बिघडली असेल तर तो दावा बसत नाही. बिघडलेल्या फ्रिजसाठी 'सदोष माल' आणि 'सेवेतील त्रुटी' म्हणून साधी तक्रार करायची असते.

गोव्याच्या गाडीचा निकाल

दुकानदार आणि कंपनी यांच्यातली रेषा कुठे आहे, हे दाखवणारा एक निकाल आपल्या शेजारच्या गोव्यातून आलेला आहे. एका ग्राहकाने २०११ साली टाटा मोटर्सच्या विक्रेत्याकडून नवी गाडी म्हणून गाडी घेतली. घेतल्यावर लक्षात आले की ती २००९ सालची आहे, सहाशेहून अधिक किलोमीटर चाललेली आहे आणि तिच्या तळाला गंज लागला आहे. ग्राहकाने विक्रेता आणि कंपनी दोघांविरुद्ध तक्रार केली. ग्राहक न्यायालयांनी दोघांनाही जबाबदार धरले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

कारण महत्त्वाचे आहे. कंपनी आणि विक्रेता यांच्यातला करार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला होता. कंपनीने गाडी विक्रेत्याला विकली, विक्रेत्याने ती पुढे ग्राहकाला विकली. जुनी गाडी नवी म्हणून विकण्याचे कृत्य विक्रेत्याच्या पातळीवर झाले. ते कंपनीला माहीत होते किंवा त्यात तिचा हात होता, हे तक्रारीत मांडले गेले नव्हते आणि सिद्धही झाले नव्हते. म्हणून विक्रेत्याने केलेल्या गोष्टीचा भार आपोआप कंपनीवर टाकता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालातून आपण दोन गोष्टी शिकायच्या. एक, विक्रीच्या वेळी जे सांगितले गेले, दाखवले गेले, लपवले गेले, त्याची जबाबदारी विक्रेत्याची स्वतःची आहे. "कंपनीकडे जा" हे उत्तर तिथे चालत नाही. दुसरी, तक्रार लिहिताना प्रत्येकाने काय चूक केली हे वेगवेगळे लिहावे. नुसते दोघांचे नाव टाकून भागत नाही. माल मुळात सदोष असेल तर कंपनीबद्दल तसे लिहा; दुकानदाराने खोटे सांगितले असेल, बिल दिले नसेल, तक्रार नोंदवायला नकार दिला असेल, तर ते तारखेसह त्याच्याबद्दल लिहा. दोघांना मिळून भरपाई द्यायला लावणारे आदेश ग्राहक आयोग देतात, पण त्यासाठी दोघांविरुद्धची बाजू कागदावर असावी लागते.

मारुती कंपनीच्या गाडीबद्दलचा २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही लक्षात ठेवण्यासारखा आहे. क्लचच्या दोषावरून ग्राहकाला पूर्ण नवी गाडी हवी होती. वॉरंटीच्या अटींत सदोष भाग बदलून देण्याचे वचन होते, पूर्ण गाडी बदलण्याचे नव्हते. न्यायालयाने त्या शब्दांप्रमाणे निकाल दिला. म्हणजे कार्डावरचे शब्द हेच शेवटी बोलतात.

कार्ड वाचताना

आपल्याकडे 'गॅरंटी' म्हणजे बदलून मिळणार आणि 'वॉरंटी' म्हणजे दुरुस्त करून मिळणार, असा समज आहे. बाजारात हे शब्द साधारण तसेच वापरले जातात. पण नुसत्या शब्दावर विसंबून राहू नये. पुढे काय लिहिले आहे ते पाहावे. आमच्या भागात नेहमी फसगत होते त्या जागा अशा:

फ्रिज आणि एसीवर "दहा वर्षे वॉरंटी" असे मोठे स्टिकर असते. ती बहुधा फक्त कॉम्प्रेसरची असते. पूर्ण यंत्राची वॉरंटी अनेकदा एकच वर्ष असते. दुसऱ्या वर्षी कॉम्प्रेसर गेला तर कॉम्प्रेसर फुकट मिळू शकतो, पण गॅस भरणे, मजुरी, वाहतूक यांचे पैसे मागितले जातात. विकत घेतानाच विचारा: दहा वर्षांत नेमके काय मोफत?

इन्व्हर्टरच्या बॅटरीवर "साठ महिने" लिहिलेले असते. त्यातले सुरुवातीचे काही महिने बॅटरी पूर्ण बदलून मिळते. उरलेल्या महिन्यांत वापरलेल्या काळाच्या हिशेबाने फक्त किमतीत सूट मिळते. साठ महिने म्हणजे साठ महिने फुकट बॅटरी नव्हे. कार्डावर हे दोन आकडे वेगळे दिलेले असतात.

पाण्याच्या फिल्टरमधील मेंब्रेन, कार्ट्रिज यांसारखे झिजणारे भाग वॉरंटीतून बहुतेक वेळा वगळलेले असतात. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत हेच भाग आधी जातात. गीझर आणि वॉशिंग मशीनमध्ये क्षार साचून होणारे नुकसानही काही कार्डांत वगळलेले असते. विजेचा दाब कमी-जास्त होऊन जळलेला भागही तसाच. नळाला टँकरचे पाणी येणाऱ्या सोसायटीत राहणाऱ्याने ही ओळ आधी शोधावी.

फ्लॅटचा ताबा मिळायचा असतो, दिवाळीच्या सवलतीत एसी आधीच घेऊन ठेवला जातो. बसवला जातो चार महिन्यांनी. वॉरंटी मात्र खरेदीच्या तारखेपासून धावू लागते. ही अडचण ओळखून केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२३ मध्ये अशी उपकरणे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांना वॉरंटी बसवल्याच्या दिवसापासून धरण्याचे आवाहन केले. हे आवाहन आहे, म्हणून दुकानदाराकडून बसवल्याची तारीख बिलावर किंवा कार्डावर लिहून घ्यावी.

'वाढीव वॉरंटी' हा वेगळा सौदा असतो. दुकानात बिल करताना "फक्त पंधराशे भरा, आणखी दोन वर्षे निश्चिंत" असे सांगतात. ते वचन कंपनीचे आहे, दुकानाचे आहे की तिसऱ्याच कोणाचे, हे विचारा. त्या कागदावर ज्याचे नाव आहे तोच उत्तर देणार. हा कागद मुख्य बिलाला टाचून ठेवा.

शेवटी आखाती देशांतून आणलेले मोबाइल. आपल्या अनेक घरांत भाऊ, मामा, जावई दुबई-सौदीहून फोन आणतात. तो आपुलकीचा नजराणा असतो, पण त्याची वॉरंटी भारतात चालतेच असे नाही. काही कंपन्या ती फक्त विक्रीच्या देशापुरती देतात. असेच फोन इथल्या बाजारात बिलाशिवाय, "दुकानाची सहा महिने वॉरंटी" म्हणून विकले जातात. घेणाऱ्याने दुकानाची हमी शिक्क्यासह लिहून घ्यावी.

शिलाई मशीन, रिक्षा आणि लेथ

ग्राहक कायद्यात एक अट आहे. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल तक्रार करता येत नाही. हे ऐकून अनेक गरीब माणसे मागे फिरतात. घरी शिलाईचे काम करणाऱ्या एखाद्या भगिनीला सांगितले जाते की मशीन धंद्यासाठी आहे, ग्राहक आयोगात जाता येणार नाही. हे खरे नाही. स्वतःच्या मेहनतीवर, स्वतःच्या पोटापाण्यासाठी वापरलेली वस्तू ही कायद्यात 'व्यापारी' मानली जात नाही.

याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात उलगडून सांगितला. हा खटला महाराष्ट्रातल्याच एका लघुउद्योगाचा होता. त्याने कोइमतूरच्या संस्थेकडून लाखो रुपयांचे सीएनसी यंत्र घेतले आणि ते सदोष निघाल्याची तक्रार केली. न्यायालयाने ती खरेदी व्यापारी ठरवली आणि ग्राहक न्यायालयाचे दार त्याला बंद झाले. पण त्याच निकालात म्हटले की स्वतः चालवायला रिक्षा घेणारा, स्वतः काम करायला लेथ घेणारा, टंकलेखनासाठी टाइपरायटर घेणारा हे ग्राहकच आहेत. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात एकट्याने लेथ चालवणाऱ्या आणि दहा कामगार ठेवून कारखाना चालवणाऱ्या माणसांमधला फरक इथे पडतो. दुसऱ्याने दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरावा लागतो, पहिल्याला ग्राहक आयोग खुला आहे.

दुकानदार बांधवांसाठी

आपल्या वाचकांत दुकानदारही पुष्कळ आहेत. मोबाइलचे दुकान, पंखे-मिक्सरचे दुकान, बॅटरीचा व्यवसाय. त्यांचीही बाजू ऐकायला हवी. नफा थोडा, कंपनीचा प्रतिनिधी फोन उचलत नाही, आणि ग्राहक मात्र रोज दारात. छोटा दुकानदार दोन बाजूंनी चेपला जातो, हे खरे आहे. म्हणूनच त्याने स्वतःला सांभाळायचे मार्ग माहीत करून घ्यावेत.

प्रत्येक विक्रीचे पक्के बिल द्यावे, त्यावर वस्तूचा सिरियल नंबर लिहावा. वॉरंटीच्या कार्डावर तारीख आणि शिक्का ग्राहकासमोर मारावा. अटी मराठीत किंवा उर्दूत तोंडी समजावून सांगाव्यात. दोन मिनिटे लागतात, पण पुढची दहा भांडणे वाचतात. "कंपनीचे काय घेऊन बसलात, दोन वर्षे मी बघतो," असे गिऱ्हाईक पटवायला बोलू नये. ते बोलणे तुमची स्वतःची हमी ठरू शकते. माल ज्याच्याकडून घेतला त्याची बिले जपून ठेवावीत. पाकिटावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा तपशील नसलेला माल ठेवू नये. कारण बनवणारा सापडला नाही तर कायदा विकणाऱ्याकडेच वळतो. आणि ग्राहक तक्रार घेऊन आला तर आपणच कंपनीकडे ती नोंदवून नंबर त्याच्या हातात द्यावा. हे करणाऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

ही शिकवण आपल्याला नवी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारातून जात असताना धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. विकणाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर आपण (स.) त्याला ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे विचारले, आणि फसवणूक करणारा आमच्यातला नाही असे बजावले. फिक्हच्या ग्रंथांत 'खियारे ऐब' या नावाने ग्राहकाचा हक्क सांगितला आहे. उर्दूत ऐब म्हणजे दोष. विक्रीच्या वेळी असलेला पण न सांगितलेला दोष नंतर उघड झाला, तर सौदा मोडण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे. कूफ्यात कापडाचा व्यापार करणारे इमाम अबू हनीफा (रह.) यांच्याबद्दल सांगितले जाते की त्यांच्या भागीदाराने दोष न सांगता कापड विकले आणि ग्राहक सापडेना, तेव्हा त्यांनी ती सगळी रक्कम दान करून टाकली. नमाजी दुकानदाराने बिलावर "माल परत घेतला जाणार नाही" छापताना या गोष्टी आठवाव्यात.

तक्रार कशी करावी?

रागाने दुकानात आरडाओरडा करून काही मिळत नाही. कागद बोलतात. क्रमाने असे करावे.

बिल, वॉरंटी कार्ड, हप्त्यांच्या नोंदी, वस्तूचा आणि सिरियल नंबरचा फोटो एका पाकिटात ठेवा. थर्मल कागदावरचे बिल वर्षभरात पांढरे पडते, म्हणून त्याची झेरॉक्स किंवा फोटो पहिल्याच दिवशी काढा. कंपनीचा माणूस दुरुस्तीला आला की प्रत्येक वेळी जॉब शीट मागा. दोष कोणता, काय केले, तारीख कोणती, हे त्यावर असते. एकच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, हे चार जॉब शीट दाखवतात; तोंडी सांगून सिद्ध होत नाही. बाहेरच्या मेकॅनिककडून वस्तू उघडू नका, कारण छेडछाड हे वॉरंटी नाकारण्याचे पहिले कारण असते.

मग दुकानदार आणि कंपनी दोघांना लेखी तक्रार द्या. दुकानात दिलेल्या प्रतीवर पोच घ्या. काय हवे ते स्पष्ट लिहा: दुरुस्ती, बदली की पैसे परत. उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्या. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. तक्रार पोहोचल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. सदोष माल परत घ्यायला ऑनलाइन विक्रेताही नकार देऊ शकत नाही.

तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीपुढे ठेवून तडजोड घडवते. बरीच छोटी प्रकरणे इथेच मिटतात.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, म्हणून आपला आयोग पुणे जिल्ह्याचा. वस्तू मुंबईतून मागवली असली किंवा कंपनी दिल्लीची असली, तरी तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथे तक्रार करण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याने दिला आहे. वस्तूसाठी दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग ऐकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला एक रुपयाही शुल्क नाही. वकील असलाच पाहिजे असे बंधन नाही. तक्रार 'ई-जागृती' या सरकारी संकेतस्थळावरूनही दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. दोष ठरवायला तज्ज्ञाची तपासणी लागणार असेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, व्याजासह पैसे परत करायला आणि मनस्तापाची भरपाई द्यायला सांगू शकतो. आदेश पाळला नाही तर तुरुंगवासाची आणि दंडाची तरतूद आहे.

कायद्यात अशी प्रकरणे तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढण्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अनेकदा जास्त वेळ लागतो. म्हणून आधीची लेखी तक्रार आणि हेल्पलाइन यांना कमी लेखू नये. आयोगाचे दार आपल्यासाठी उघडे आहे हे समोरच्याला कळले, की पुष्कळदा दुरुस्तीचा माणूस दुसऱ्याच दिवशी दारात उभा राहतो.

भगिनींना एक विनंती. घरातली बिले बहुतेक वेळा तुमच्याच कपाटात असतात. आज सवड काढून एक फाइल करा. प्रत्येक वस्तूचे बिल, कार्ड, बसवल्याची तारीख आणि वॉरंटी संपण्याची तारीख पहिल्या पानावर मराठीत लिहा. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींना ते लिहायला लावा. त्यांना कार्डावरचे इंग्रजीही वाचता येईल आणि आपला हक्क काय असतो हेही लहानपणीच कळेल. शेजारच्या घरात इंग्रजी वाचणारे कोणी नसेल, तर त्यांचे कार्डही वाचून द्या.